शिंदे घाटाचा धडा : महाविद्यालयीन सुरक्षा आणि जोखीम व्यवस्थापनाचे प्रशिक्षण

वाराणसीच्या मणिकर्णिका घाटाला लागून उत्तरेस शिंदे घाट आहे. तेथील लोक त्यास सिंधिया घाट म्हणतात. ग्वाल्हेरच्या दौलतराव शिंद्यांच्या पत्नी बायजाबाई यांनी १८३० च्या सुमारास हा घाट बांधविला. त्याआधी १८२८ मध्ये त्यांनीच ज्ञानवापीच्या विहिरीभोवती स्तंभयुक्त मंडप उभारला होता. शिंदे घाटाचे बांधकाम मात्र इतके अवजड झाले की, नदीकाठच्या भूमीला तो भार पेलवला नाही आणि घाट खचला. पुढे १९३७ मध्ये शिंदे घराण्याने त्याची पुनर्बांधणी केली. घाटाच्या पायथ्याशी असलेले रत्नेश्वर महादेवाचे मंदिर आजही एका बाजूस कललेले दिसते. वर्षातील बराच काळ त्याचा गाभारा पाण्याखाली असतो.

बायजाबाईंजवळ श्रद्धा होती, द्रव्य होते आणि कुशल कारागीरही होते. उणे पडले ते पायाखालच्या जमिनीचे गणित. हेतू कितीही शुद्ध असला आणि खर्च कितीही सढळ असला, तरी ज्या आधारावर सारा डोलारा उभा करावयाचा त्याची परीक्षा झाली नसेल, तर इमारत खचते. शिक्षणसंस्थांच्या सुरक्षेलाही हाच नियम लागू पडतो. प्रवेशद्वार, कॅमेरे, फलक आणि परिपत्रके हा त्या सुरक्षेचा दर्शनी भाग झाला. तिचा पाया म्हणजे संस्थेत काम करणारी माणसे : शिपाई, पहारेकरी, प्रयोगशाळा परिचर, ग्रंथपाल, लिपिक, वसतिगृह अधीक्षिका आणि प्राध्यापक. या माणसांच्या प्रशिक्षणाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

जोखीम म्हणजे काय?

बँकिंग क्षेत्रात ‘परिचालन जोखीम’ अशी एक संज्ञा आहे. बँकांच्या पर्यवेक्षणासाठी नेमलेल्या बासेल समितीने २००४ च्या आपल्या आराखड्यात तिची व्याख्या दिली. अपुऱ्या किंवा कोलमडलेल्या अंतर्गत कार्यपद्धती, माणसे व यंत्रणा यांमुळे, अथवा बाह्य घटनांमुळे होणाऱ्या हानीची शक्यता म्हणजे परिचालन जोखीम. ही व्याख्या बँकेसाठी केलेली असली, तरी महाविद्यालयाला ती जशीच्या तशी लागू होते. कुलूप लावलेले आपत्कालीन दार हा कार्यपद्धतीचा दोष होय. वायूगळती ओळखू न शकणारा परिचर हा माणसाच्या प्रशिक्षणाचा दोष होय. मुदत संपलेले अग्निशामक नळकांडे हा यंत्रणेचा दोष, तर अचानक आलेला पूर ही बाह्य घटना.

धोका आणि जोखीम या दोन शब्दांतील भेदही लक्षात घेतला पाहिजे. गंगेचे खोल पाणी हा धोका आहे. तो नाहीसा करता येत नाही. पोहता न येणाऱ्या चाळीस मुलांना सुरक्षा जाकिटांविना एका होडीत बसविणे ही जोखीम आहे. ती आपण निर्माण करतो आणि म्हणून ती आपल्याला कमीही करता येते. जोखीम व्यवस्थापनाचे सारे शास्त्र या दुसऱ्या प्रकारच्या गोष्टींशी संबंधित आहे.

परिसराची सीमा कोठे संपते?

महाविद्यालयाची जबाबदारी कुंपणापाशी संपते, असा समज अनेक ठिकाणी आढळतो. तो खरा नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५ मध्ये काढलेली मार्गदर्शक तत्त्वे विद्यार्थ्यांच्या परिसरातील आणि परिसराबाहेरील अशा दोन्ही प्रकारच्या सुरक्षेविषयी आहेत. पंचवीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक पालकाच्या भूमिकेत समुपदेशक म्हणून असावा, अशी अपेक्षाही त्यांत व्यक्त केली आहे.

या तत्त्वांमागे कटू अनुभव आहेत. ८ जून २०१४ रोजी हैदराबादच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाची सहल हिमाचल प्रदेशातील बियास नदीच्या पात्रात उतरली असता, वरच्या बाजूच्या लारजी धरणातून पाणी सोडण्यात आले. त्यात २४ विद्यार्थी व सहलीसोबतचा एक सहायक वाहून गेले. हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयाने जानेवारी २०१६ मध्ये प्रत्येक विद्यार्थ्याच्या पालकांना २० लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. त्या भरपाईचा ६० टक्के भार राज्य विद्युत मंडळावर, ३० टक्के महाविद्यालयावर आणि १० टक्के राज्य सरकारवर टाकण्यात आला. पाणी सोडणारे वेगळे होते, तरीही महाविद्यालय जबाबदारीतून सुटले नाही, हे येथे ध्यानात घ्यावे.

त्यानंतर महिन्याभरातच, १ फेब्रुवारी २०१६ रोजी, पुण्याच्या आबेदा इनामदार महाविद्यालयाची सहल रायगड जिल्ह्यातील मुरूडच्या समुद्रकिनाऱ्यावर गेली होती. पाण्यात उतरलेल्यांपैकी १४ विद्यार्थी बुडाले. महाराष्ट्रातील कित्येक घरांत त्या दिवसाची आठवण आजही ताजी आहे. अशा घटनेनंतर जे प्रश्न विचारले जातात, ते सहलीपूर्वी विचारले गेले पाहिजेत. भरती-ओहोटीची वेळ कोणी पाहिली? पाण्यात उतरू नका असे सांगण्याचे काम नेमके कोणाकडे होते? ते कोणी ऐकले नाही, तर सहल तेथेच थांबविण्याचा अधिकार कोणाला होता?

पहिला माणूस कोण?

संकटाच्या वेळी घटनास्थळी सर्वप्रथम असतो तो प्राचार्य नव्हे, तर दारावरचा पहारेकरी किंवा वर्गाबाहेरचा शिपाई. म्हणून प्रशिक्षणाची सुरुवात तेथून झाली पाहिजे. प्रत्यक्षात ती वरून सुरू होते आणि बहुधा वरच्या दोन पायऱ्यांवरच संपते.

याच वाराणसीतील बनारस हिंदू विद्यापीठात सप्टेंबर २०१७ मध्ये परिसरात एका विद्यार्थिनीचा विनयभंग झाला आणि शेकडो विद्यार्थिनींनी प्रवेशद्वारावर आंदोलन केले. त्यांचा रोष केवळ गुन्हेगारांवर नव्हता. जवळच असलेल्या पहारेकऱ्यांनी मदत केली नाही आणि तक्रारीनंतर उलट विद्यार्थिनीलाच उशिरा परतण्याचा जाब विचारला गेला, अशी त्यांची तक्रार होती. त्यानंतर विद्यापीठाच्या मुख्य नियंतापदावर प्रथमच एका महिलेची नियुक्ती झाली. घाबरलेली विद्यार्थिनी समोर आल्यावर उच्चारावयाचे पहिले वाक्य कोणते, हा प्रशिक्षणाचा विषय आहे. ‘तू तिथे का गेलीस?’ या प्रश्नाऐवजी ‘तू आता सुरक्षित आहेस, बस, मी कोणाला बोलावू?’ असे विचारण्याची सवय शिकवून लागते. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक कार्यस्थळी अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे. परंतु त्या समितीच्या अध्यक्षांचा दूरध्वनी क्रमांक रात्रपाळीच्या पहारेकऱ्यास ठाऊक नसेल, तर ती समिती कागदावरच राहते.

प्रयोगशाळेचेही असेच आहे. ५ डिसेंबर २०१८ रोजी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील एका प्रयोगशाळेत वायूच्या टाकीचा स्फोट होऊन एक संशोधक मृत्युमुखी पडला व तिघे जखमी झाले. देशातील अग्रगण्य संस्थेत हे घडू शकते, तर तालुक्याच्या ठिकाणच्या विज्ञान महाविद्यालयाने आपल्या टाक्या साखळीने बांधल्या आहेत काय, झडपा तपासल्या आहेत काय, हे पाहणे अगत्याचे ठरते. ते रोज पाहू शकणारा माणूस म्हणजे प्रयोगशाळा परिचर.

गर्दीच्या व्यवस्थापनाचा धडा कोचीन विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठाने दिला. २५ नोव्हेंबर २०२३ रोजी तेथील महोत्सवातील संगीत कार्यक्रमाच्या वेळी पाऊस आला. बाहेर थांबलेला जमाव खुल्या प्रेक्षागृहाच्या दारातून उताराच्या पायऱ्यांवर लोटला आणि चौघांचा मृत्यू झाला. पाऊस, अरुंद दार आणि उतरत्या पायऱ्या या तिन्ही गोष्टी स्वतंत्रपणे साध्याच आहेत. त्या एकत्र आल्या तर काय होईल, हा विचार आधी करणे म्हणजेच जोखीम व्यवस्थापन.

प्रशिक्षणात काय असावे?

प्रथम, जोखीम नोंदवही. प्रत्येक विभागाने आपल्या जागेत फिरून दिसतील तेवढ्या जोखमींची यादी करावी. प्रत्येक जोखमीस शक्यतेसाठी १ ते ५ आणि परिणामासाठी १ ते ५ गुण द्यावेत व त्यांचा गुणाकार करावा. पावसाळ्यात निसरड्या होणाऱ्या जिन्यावर पाय घसरण्याची शक्यता ४ आणि परिणाम २ धरला, तर गुण ८ होतात. प्रयोगशाळेतील वायूस्फोटाची शक्यता २ आणि परिणाम ५ धरला, तर गुण १० होतात. क्रम लावण्यास ही रीत उपयुक्त आहे. मात्र ज्या जोखमीचा परिणाम ५ आहे, म्हणजे जिथे जीव जाऊ शकतो, तिथे गुणाकार कमी आला म्हणून स्वस्थ बसू नये.

दुसरे, उपायांची निवड. जोखमीवर चार मार्ग संभवतात : ती टाळणे, कमी करणे, दुसऱ्याकडे हस्तांतरित करणे आणि उरलेली जाणीवपूर्वक स्वीकारणे. पुरात होडीची फेरी रद्द करणे म्हणजे टाळणे. सुरक्षा जाकीट देणे म्हणजे कमी करणे. विमा उतरविणे म्हणजे हस्तांतरण. क्रीडांगणावर खरचटण्याची शक्यता मान्य करून प्रथमोपचाराची पेटी जवळ ठेवणे म्हणजे स्वीकारणे. हा क्रम उलटा करू नये.

तिसरे, हुकलेल्या अपघातांची नोंद. एच. डब्ल्यू. हाइनरिच यांनी १९३१ मध्ये असे मांडले की, एका गंभीर अपघातामागे २९ किरकोळ अपघात आणि ३०० इजा न झालेल्या घटना असतात. या नेमक्या प्रमाणाबाबत पुढे मतभेद झाले. परंतु मोठ्या दुर्घटनेपूर्वी लहान सूचना मिळत असतात, हा व्यवहाराचा अनुभव आहे. ठिणगी उडालेला विद्युत फलक, हातातून निसटलेली रसायनाची बाटली, बंद न होणारे फाटक यांची नोंद करणाऱ्या कर्मचाऱ्यास दोष न देता त्याचे आभार मानले गेले पाहिजेत. जेथे सांगणाऱ्यालाच बोलणी खावी लागतात, तेथे पुढच्या वेळी कोणी सांगत नाही.

चौथे, कवायत. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार इमारतीतील अग्निसुरक्षा व्यवस्था सुस्थितीत असल्याचे अनुज्ञप्तीधारक संस्थेचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत व जुलैत, सादर करावयाचे असते. प्रमाणपत्र यंत्रणेविषयी असते. नळकांड्याची खीळ ओढण्याचा सराव हाताला आहे की नाही, हे कवायतीतूनच कळते.

येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. १२ जुलै २०१८ रोजी कोइंबतूरजवळच्या एका महाविद्यालयात आपत्कालीन कवायतीच्या वेळी प्रशिक्षकाने १९ वर्षांच्या विद्यार्थिनीस दुसऱ्या मजल्यावरून खाली धरलेल्या जाळीत उडी मारण्यास भाग पाडले. ती कचरत असता त्याने तिला ढकलले. खालच्या सज्जावर डोके आपटून तिचा मृत्यू झाला. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने या कवायतीशी आपला संबंध नसल्याचे स्पष्ट केले. सुरक्षेचे शिक्षण देण्याच्या कार्यक्रमातच एक जीव गेला. कर्जदाराची कागदपत्रे तपासल्याविना बँक कर्ज देत नाही. मग प्रशिक्षकाची अधिकृतता तपासल्याविना त्याच्या हाती विद्यार्थी कसे द्यावेत? जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, स्थानिक अग्निशमन दल अथवा राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल यांच्याकडे विचारणा केल्यास योग्य मार्गदर्शन मिळते. या दलाची एक तुकडी पुण्याजवळ आणि एक वाराणसीत आहे. आणखी एक नियम प्रत्येक कवायतीत पाळावा : सहभागी व्यक्ती ‘नको’ म्हणताच तो भाग थांबला पाहिजे.

शिंदे घाटावरील एक सकाळ

आता हे सारे एका उदाहरणावर लावून पाहू. महाराष्ट्रातील एका महाविद्यालयाच्या इतिहास विभागाची सहल काशीतील मराठी वास्तू पाहण्यास निघाली आहे, अशी कल्पना करा. सोबत पन्नास विद्यार्थी, तीन प्राध्यापक व एक शिपाई आहेत. पहाटे होडीने शिंदे घाटावर जावयाचे ठरले आहे.

तयारी महाविद्यालयातच सुरू होते. पालकांचे संमतिपत्र, प्रत्येकाचा रक्तगट, चालू असलेली औषधे आणि पोहता येते की नाही याची माहिती घेतली जाते. सहलीचा काळ ठरविताना नदीचा विचार होतो. वाराणसीत गंगेची इशारा पातळी ७०.२६२ मीटर आणि धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर आहे. १९७८ च्या महापुरात पाणी ७३.९०१ मीटरपर्यंत चढले होते. पावसाळ्यात पाणी वाढले की होड्यांची वाहतूक बंद ठेवली जाते. पूर ओसरल्यावर पायऱ्यांवर चिखलाचा थर राहतो आणि तो धुऊन काढेपर्यंत घाट अत्यंत निसरडा असतो.

प्रत्यक्ष घाटावर चार कामे चार माणसांत वाटलेली असतात. पहिला होडीची क्षमता आणि जाकिटांची संख्या पाहतो. जाकिटे पुरेशी नसतील तर फेऱ्या वाढवितो. दुसरा विद्यार्थ्यांना बसण्याच्या जागा देतो आणि मणिकर्णिकेजवळ आल्यावर कोणी उठून एका बाजूस गर्दी करू नये याकडे लक्ष ठेवतो, कारण एका कडेला वजन गेले की होडी कलते. चितांची छायाचित्रे घेऊ नयेत, ही सूचनाही त्याने आधीच दिलेली असते. शोकाकुल माणसांशी वाद ओढवून घेणे हीही एक जोखीमच आहे. तिसरा सर्वांत शेवटी चालतो. चौथ्याजवळ औषधपेटी, सर्वांचे दूरध्वनी क्रमांक आणि जवळच्या रुग्णालयाचा पत्ता असतो. जल पोलीस कोठे आहेत हे त्याने आदल्या दिवशीच पाहून ठेवलेले असते. आपत्कालीन क्रमांक ११२ सर्वांना पाठ असतो.

बँकेत दिवसअखेर रोकड जुळल्याविना शाखा बंद होत नाही. एक रुपयाचा फरक आला तरी सारे पुन्हा मोजतात. होडीत चढताना, उतरताना आणि घाट सोडताना विद्यार्थ्यांची गणती याच काटेकोरपणे झाली पाहिजे. तिजोरीच्या दोन किल्ल्या जशा दोन अधिकाऱ्यांकडे असतात, तशी ही गणतीही दोघांनी स्वतंत्रपणे करावी आणि आकडे जुळल्यावरच होडी सुटावी.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा अधिकाराचा. कललेल्या रत्नेश्वर मंदिराच्या ओल्या दगडांवर छायाचित्रासाठी दोन मुले चढू लागली आणि ते प्रथम शिपायाच्या नजरेस आले, तर त्याने काय करावे? प्राध्यापकांना शोधत जावे की तेथेच मोठ्याने ‘खाली उतरा’ म्हणावे? आणि त्याने तसे म्हटल्यावर मुलांनी ते ऐकावे, याची तजवीज कोणी केली आहे? सहल निघण्यापूर्वी प्राचार्यांनी सर्वांसमक्ष एवढेच सांगावे : ‘या चौघांपैकी कोणीही थांबा म्हटले, तर थांबावयाचे. कारण नंतर विचारावयाचे.’ या दोन वाक्यांना काहीही खर्च येत नाही.

विमा : शेवटची पायरी

आमच्याकडे येणाऱ्या संस्थांचा पहिला प्रश्न पुष्कळदा विम्याविषयी असतो. विमा आवश्यक आहे; परंतु तो हानी टाळत नाही, हानीनंतरचा आर्थिक भार हलका करतो. संस्थेने विद्यार्थी व कर्मचाऱ्यांसाठी समूह वैयक्तिक अपघात विमा घ्यावा. तो घेताना सहली, क्रीडास्पर्धा व जलप्रवास यांचा त्यात समावेश आहे का, रुग्णालयाचा खर्च मिळतो का आणि दाव्याची सूचना किती दिवसांत द्यावयाची, ही तीन कलमे वाचून पाहावीत.

वैयक्तिक पातळीवर प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना उपयुक्त आहे. १८ ते ७० वयोगटातील खातेदारास जून २०२२ पासून वार्षिक २० रुपये हप्त्यात अपघाती मृत्यू किंवा पूर्ण कायम अपंगत्वासाठी २ लाख रुपयांचे आणि अंशतः कायम अपंगत्वासाठी १ लाख रुपयांचे संरक्षण यात मिळते. संरक्षणाचे वर्ष १ जून ते ३१ मे असे असते. हप्ता खात्यातून आपोआप वळता होतो, म्हणून मे अखेरीस खात्यात पुरेशी शिल्लक असावी. कनिष्ठ महाविद्यालयातील बहुतेक विद्यार्थी अठरा वर्षांखालील असल्याने ते या योजनेत येत नाहीत, हे ध्यानी ठेवून त्यांच्यासाठी संस्थेने वेगळी तरतूद करावी. संस्थेतील कंत्राटी पहारेकरी व सफाई कामगार यांची नोंदणी झाली आहे की नाही, हेही पाहावे. जोखमीच्या सर्वांत जवळ तेच असतात.

समारोप

शिंदे घाट खचला, पण तो तसाच सोडून दिला गेला नाही. शतकानंतर का होईना, तो पुन्हा बांधण्यात आला आणि आज हजारो भाविक त्याच्या पायऱ्यांवरून गंगेत उतरतात. दगडी घाट पुन्हा बांधता येतो. घरी न परतलेल्या विद्यार्थ्याच्या बाबतीत मात्र तशी दुसरी संधी नसते.

यास्तव आमच्या ग्राहक शिक्षणसंस्थांना एक नम्र सूचना करावीशी वाटते. येत्या सत्राच्या आरंभी एक दिवस राखून ठेवावा. त्या दिवशी प्राचार्यांपासून पहारेकऱ्यापर्यंत सर्वांनी एकत्र बसावे आणि प्रत्येकास एकच प्रश्न विचारावा : ‘आपल्या संस्थेत तुम्हाला कशाची भीती वाटते?’ उत्तरे लिहून घ्यावीत. ती लिहिलेली पाने म्हणजेच आपल्या संस्थेची पहिली जोखीम नोंदवही होय.